हजेरीपटावरील नावे : मराठवाड्यातील शाळा आणि १९४८ ची जखम

मराठवाड्यातील जुनी माणसे आपले वय सनावळीत सांगत नसत. 'रझाकारीत मी पाळण्यात होते', 'पोलीस ॲक्शनच्या साली मला शाळेत घातले', 'भूकंपाच्या वर्षी थोरल्याचे लग्न झाले' अशी त्यांची कालगणना असे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत अध्यापन करताना वर्गातील विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांकडून आम्ही ही कालगणना अनेकदा ऐकली आहे. पाठ्यपुस्तकांत १७ सप्टेंबर १९४८ ही एक तारीख आहे. लोकांच्या बोलण्यात मात्र तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन काळ आहेत, आणि दोन्हींसाठी शब्द वेगळे आहेत. अलीकडच्या काळाला 'रझाकारी' म्हणतात, पलीकडच्याला 'पोलीस ॲक्शन'. कोणते घर कोणता शब्द आवाज खाली आणून उच्चारते, यावरून त्या घरावर काय गुदरले असेल याचा अंदाज बांधता येतो.

प्रस्तुत लेखात आम्हाला मुक्तिसंग्रामाचा इतिहास पुन्हा सांगायचा नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी, अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' आणि नरहर कुरुंदकर यांचे लेखन ज्यांनी वाचले आहे त्यांना त्याची गरज नाही. आमचा प्रश्न मर्यादित आहे. युद्धाने आणि दंगलीने मोडलेल्या या मुलखात माणसांना सावरण्याचे काम कोणी केले, त्या कामात शाळेचे स्थान काय होते, आणि सावरणारा हात कोणत्या दारापर्यंत पोहोचला व कोणत्या दाराशी थबकला?

शाळा हेच कार्य

निजामी राजवटीतील शिक्षणाची परिभाषा आज विद्यार्थ्यांना परकी वाटते. प्राथमिक शाळा तहतानिया, माध्यमिक वस्तानिया आणि हायस्कूल फौकानिया. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने एका भारतीय भाषेत उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग केला, हे निःसंशय. परंतु ती भाषा उर्दू होती, आणि संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी होती. माध्यमिक पायरीवर पाऊल ठेवताच मराठी मुलाला प्रामुख्याने परभाषेतून शिकावे लागे. खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी लागे. १९२९ च्या 'गश्ती निशान ५३' या फर्मानाने सभा-संमेलनांवरही बंधने आणली. जिथे सभा घेता येत नाही तिथे वर्ग घेता येतो, हे ओळखणारी शिक्षकांची एक पिढी या बंधनांतूनच घडली.

१९२१ साली हिप्परगा या आडगावात निघालेली राष्ट्रीय शाळा हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९२९ साली व्यंकटेश भगवानराव खेडगीकर नावाचा तरुण तेथे मुख्याध्यापक म्हणून आला. पुढच्याच वर्षी संन्यास घेऊन तो स्वामी रामानंद तीर्थ झाला, आणि १९३५ साली बाबासाहेब परांजपे यांच्यासह अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेला. संस्थानातील लढ्याचा सर्वोच्च नेता मुळात शाळामास्तर होता, हा केवळ चरित्रातील तपशील नव्हे. गोविंदभाई श्रॉफ हेही शिक्षकी पेशातूनच लढ्यात आले. या माणसांच्या दृष्टीने शिक्षण आणि समाजसेवा ही दोन खाती नव्हती. मुलांना शिकवणे, त्यांना वसतिगृहात ठेवून घेणे आणि त्यांच्या घरची विचारपूस करणे हे एकच काम होते.

याच परंपरेतील आणखी एक प्रसंग इथे नोंदवला पाहिजे. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने व औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजने विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्यांचे शिक्षण तिथेच संपले असते; परंतु नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू केदार यांच्या पुढाकाराने, आपली दारे उघडली. पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक. संकटातल्या मुलाला सर्वांत मोठी मदत म्हणजे त्याचे नाव कुठल्यातरी हजेरीपटावर असणे, हा धडा मराठवाड्याने त्या वर्षी घेतला असे आम्हाला वाटते.

सरहद्दीपलीकडे

१९४७ च्या ऑगस्टपासून पुढचे वर्षभर चित्र पालटत गेले. कासिम रझवी हा लातूरचा वकील रझाकार संघटनेचा सर्वेसर्वा झाला. खेड्यापाड्यांतून वर्गणीच्या नावाखाली वसुली सुरू झाली. जिथे ती मिळाली नाही तिथे लूट, जाळपोळ आणि खून झाले. बिलोली तालुक्यातील गोविंदराव पानसरे यांची हत्या तर ऑक्टोबर १९४६ मध्येच झाली होती. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरटा गावी हत्याकांड झाले. माणसे बैलगाड्यांतून आणि पायी सरहद्द ओलांडू लागली. नांदेडकडची कुटुंबे वऱ्हाडात उमरखेड-पुसदच्या बाजूला, लातूर-उस्मानाबादकडची बार्शी-सोलापूरच्या बाजूला. याच सरहद्दीवर स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कॅम्प होते. इतिहासात त्या कॅम्पांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या आडोशाने जी बायकामुले दिवस काढीत होती, त्यांच्याविषयी त्या मानाने फारच थोडे.

ही मदत बव्हंशी नात्यागोत्यातून आणि ओळखीपाळखीतून झाली. तिला पावतीपुस्तक नव्हते. सोयऱ्याच्या पडवीत दोन कुटुंबांनी राहणे, एका चुलीवर आळीपाळीने भाकरी थापणे, गावच्या शाळेत पाहुण्यांच्या पोरांना बसू देणे, असे तिचे स्वरूप. म्हणूनच ती दप्तरात सापडत नाही, फक्त आठवणीत सापडते. चळवळीतील स्त्रियांनी (आशाताई वाघमारे, प्रतिभाताई वैशंपायन, ताराबाई परांजपे यांची नावे या संदर्भात घेतली जातात) केलेल्या कामाचे मोलही याच कारणाने उशिरा उमगले. गोळी झाडणाऱ्याची नोंद होते. भाकरी थापणारीची होत नाही.

इथे एक नाव आवर्जून घ्यावे लागेल. फरीद मिर्झा हे नांदेड जिल्ह्यातील तहसीलदार. रझाकारांच्या अत्याचारांना विरोध म्हणून त्यांनी सरकारी नोकरी सोडली, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये ज्या सात मुसलमान गृहस्थांनी रझाकारांविरुद्ध जाहीर निवेदन काढले त्यांत ते एक होते. हे निवेदन छापणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा त्याच महिन्यात हैदराबादेत खून झाला. लढा हिंदू-मुसलमानांचा नव्हता असे आपण व्याख्यानांतून सांगतो. ते खरे ठरवण्यासाठी कोणी काय किंमत मोजली, हे मात्र नावानिशी सांगत नाही.

पोलीस ॲक्शननंतर

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. बहुतेक ग्रंथांत इथे प्रकरण संपते. वस्तुतः अनेक कुटुंबांचे इथे सुरू होते.

त्यानंतरच्या आठवड्यांत आजच्या नांदेड, लातूर, धाराशिव, बिदर व कलबुर्गी या भागांत मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. भारत सरकारने पाठवलेले पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांचे शिष्टमंडळ २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरले. सलोखा प्रस्थापित करणे हे त्यांचे काम; परंतु जे पाहिले ते त्यांनी नोंदवले. त्यांच्या अंदाजानुसार पोलीस ॲक्शनच्या काळात व नंतर मिळून किमान २७,००० ते ४०,००० माणसे मेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांतच हा आकडा १८,००० हून कमी नसावा, असे त्यांचे मत होते. आजच्या लातूर जिल्ह्याचा मुलूख तेव्हा उस्मानाबाद व बिदर या दोन जिल्ह्यांत विभागलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे ही चार नावे आपल्या किती जवळची आहेत ते कळते. खुद्द लातूर शहरात सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार उरल्याचे, हजारावर मारले गेल्याचे व बाकीचे पळून गेल्याचे अहवाल सांगतो. गावे विधवांची आणि पोरक्या मुलांची झाली होती.

हे अंदाज आहेत, जनगणना नव्हे. अहवालावर सरदार पटेल नाराज होते. रझाकारांच्या कृत्यांचे मापन त्यात पुरेसे झाले नाही अशी तक्रार होती. त्या तक्रारीतही तथ्य आहे, कारण रझाकारांनी मारलेल्यांचीही नेमकी मोजदाद कोणी केलेली नाही. परंतु परिणाम असा झाला की अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. २०१३ साली ए. जी. नूराणी यांच्या ग्रंथात तो सर्वांसमोर आला. त्याच्या आदल्या वर्षी, १९४८ मध्ये उस्मानाबादचे जिल्हाधिकारी असलेल्या मोहम्मद हैदर यांच्या आठवणीही पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. म्हणजे ज्यांना सर्वाधिक मदतीची गरज होती, त्यांची कहाणी त्यांची नातवंडे प्रौढ झाल्यावर छापली गेली.

या अहवालात एक बाब अशी आहे, जिच्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला. शिष्टमंडळाने अशीही उदाहरणे नोंदवली आहेत की हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना आसरा दिला. आणि अशी आपुलकी एकाच व्यवसायातील लोकांत अधिक दिसली. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचा बचाव केला आणि त्यासाठी स्वतःचे प्राणही गमावले. पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणण्याच्या कामी अनेक हिंदूंनी साहाय्य केले. या विणकरांची नावे अहवालात नाहीत. त्यांचे स्मारक नाही, त्यांच्या नावाची शाळा नाही. ते समाजसेवक नव्हते, त्यांच्यापाशी संस्था नव्हती, निधी नव्हता. शेजारच्या मागावर बसणारा माणूस आपल्यासारखाच ताणाबाणा धरतो, एवढेच त्यांना ठाऊक होते. मदतकार्याच्या इतिहासात पहिले पान कोणाला द्यायचे, हा प्रश्न आम्हाला विचारला तर आम्ही या निनावी विणकरांना देऊ.

नवी महाविद्यालये, उलटलेली भाषा

१९५० साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज निघाले. त्याच वर्षी औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, तेच पुढचे मिलिंद. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले; १९९४ साली नांदेडला स्वामीजींच्या नावाचे विद्यापीठ. १९६१ साली लातूरला दयानंद महाविद्यालय व १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय उभे राहिले. या संस्थांनी खेड्यातल्या मुलाला काय दिले हे आम्ही सांगायचे कारण नाही. आम्ही स्वतः त्यांचेच देणे लागतो. लढ्यात शिक्षण सुटलेली पिढी पुन्हा वर्गात बसली, ती या संस्थांमुळे. कुरुंदकर प्रतिभा निकेतनमध्ये शालेय शिक्षक होते, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व प्राचार्य झाले. हिप्परग्याच्या शाळामास्तरापासून सुरू झालेली रेघ त्यांच्यापर्यंत अखंड येते.

तथापि त्याच काळात एक उलटापालट घडली, तिच्याकडे आपण पुरेसे पाहिले नाही. कालपर्यंत मराठी मूल परक्या माध्यमात चाचपडत होते. आता ती पाळी उर्दू शिकलेल्या मुलावर आली. राज्यकारभाराची भाषा बदलली, नोकरीचे दार बदलले, आणि ज्या घरातला कमावता पुरुष १९४८ मध्ये गेला होता त्या घरातील मुलाच्या हातचे उर्दू पुस्तकही एका अर्थी निकामी झाले. मराठीतून शिक्षण हा बहुसंख्यांचा न्याय्य हक्क होता, त्यासाठीच तर लढा होता. पण आपला हक्क दुसऱ्याच्या अडचणीवर पडत असेल तर तिथे एक जादा शिक्षक, एक जादा तुकडी, एक जादा वर्ष लागते. ज्या शिक्षकांनी असा जादा वेळ दिला, त्यांची नोंद आमच्या संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांत आम्ही शोधत असतो. प्राचार्यांची छायाचित्रे पुष्कळ सापडतात.

पंचेचाळीस वर्षांनी, त्याच मातीत

मदत कशी असू शकते याचा दुसरा दाखला याच मुलखाने पाहिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारी आणि सास्तूर परिसर भूकंपाने जमीनदोस्त झाला. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा ज्या भागात होती, त्याच आजच्या लोहारा तालुक्यात सास्तूर आहे. भूकंप हे युद्ध नव्हे. त्याला शत्रू नसतो, आणि म्हणूनच त्यात मेलेल्यासाठी उघडपणे रडता येते. तरीही तुलना करण्याजोगे एक सूत्र आहे. या वेळी मृतांची मोजदाद झाली, अनाथ मुलांच्या याद्या झाल्या, गावे नव्याने वसवली गेली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसनाचे काम त्यातून उभे राहिले. राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेतील पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गला 'आपलं घर' सुरू केले. सुराणा बार्शीचे. ज्या बार्शीने १९४८ पूर्वी निर्वासितांना आसरा दिला, तिथला माणूस पंचेचाळीस वर्षांनी नळदुर्गला, म्हणजे जिथून सैन्य आत शिरले तिथे, पोरक्या मुलांसाठी घर बांधतो. इतिहास अशा गाठी मारतो, त्यांकडे आपले लक्ष नसते इतकेच.

१९९३ च्या मुलांना घर, शाळा व नाव मिळाले, कारण त्यांचे दुःख सर्वांनी मान्य केले होते. रझाकारीतील मुलांचे दुःख सप्टेंबर १९४८ नंतर मान्य झाले, निदान भाषणांत. पोलीस ॲक्शननंतरच्या मुलांचे दुःख मात्र मान्य व्हायचे राहिले. मदतीची सुरुवात पैशाने होत नाही, ती 'तुझ्यावर हे गुदरले' असे म्हणण्याने होते. जिथे हे म्हणणेच अडते, तिथे पुढची मदत चोरपावलांनी, विणकरांच्या मार्गाने जाते, किंवा जातच नाही.

साहित्याचे काय?

मराठी साहित्याचे शिक्षक म्हणून आम्हाला स्वतःलाही हा प्रश्न विचारला पाहिजे. परभणीच्या बी. रघुनाथांनी 'जगाला कळले पाहिजे' ही कादंबरी या कालखंडावर लिहिली. शीर्षकातील ती तळमळ आजही अंगावर येते. त्यानंतर मुक्तिसंग्रामावर कादंबऱ्या, नाटके, आत्मकथने आली. पण सप्टेंबरच्या अठरा तारखेनंतर गावाच्या वेशीबाहेरच्या मोहल्ल्यात काय झाले, हे मराठी ललित लेखनात तुलनेने फार क्वचित उतरले. फाळणीचे साहित्य आम्ही भाषांतरांतून शिकवतो आणि वर्गात हळहळतो. आपल्या तालुक्यातील विहिरीविषयी मात्र मौन पाळतो. दूरचे दुःख वाङ्मयीन वाटते, जवळचे अडचणीचे वाटते.

कोणी म्हणेल, जुन्या जखमा कशाला उकराव्यात? हा आक्षेप सहृदय माणसेही घेतात, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. जखम दोन्हीकडे आहे. एका बाजूची आपण दर सतरा सप्टेंबरला ध्वजारोहण करून उघडतो, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या बाजूची झाकून ठेवतो आणि ती बरी झाली असे समजतो. रझाकारांच्या अत्याचारांची आठवण पुसून न्याय होणार नाही, आणि त्यानंतरच्या अत्याचारांची पुसूनही होणार नाही. एकाने दुसऱ्याची वजाबाकी होत नाही. दोन्हींची बेरीजच करावी लागते.

आमच्या वर्गात दोन्ही घरांची मुले शेजारी बसतात. एकाच्या पणजोबाला रझाकारांनी मारलेले असते, दुसऱ्याच्या पणजीने पोलीस ॲक्शननंतर मूल कडेवर घेऊन गाव सोडलेले असते. दोघांनाही परस्परांची गोष्ट ठाऊक नसते. बहुधा स्वतःचीही अर्धीच ठाऊक असते. आपापल्या घरातील वृद्धांच्या आठवणी लिहून आणा, एवढा एक स्वाध्याय मराठीच्या प्राध्यापकाला देता येतो. तो लिहिताना भाषेची परीक्षा होते आणि ऐकताना माणसाची. साक्षीदार आता फार थोडे उरले आहेत. हे काम दहा वर्षांनी करता येणार नाही.

शाळेत दररोज सकाळी एक लहानसा विधी होतो. शिक्षक नावे वाचतो आणि प्रत्येक मूल 'हजर' म्हणते. त्या यादीत जात-धर्म कसाही असो, क्रमांक एकापाठोपाठ एकच असतो. हिप्परग्यापासून आजपर्यंत या मुलखातील शिक्षकाने केलेले खरे समाजकार्य एवढेच आहे, आणि ते थोडे नाही. १९४८ ची काही नावे अजून वाचायची राहिली आहेत. त्यांच्या वतीने 'हजर' म्हणणारे आता नातवंडे-पतवंडेच आहेत, आणि ती आपल्यासमोर बसली आहेत.